भुंगा लागलेलं लाकूड: विषाऐवजी पिशवी, थंडी आणि ऊन

लाकडी वस्तूखाली फिकट भुकटीची रास दिसली की छोट्या संग्रहालयात लगबग सुरू होते. कुणी फवाऱ्याची बाटली काढतं, कुणी रॉकेल सुचवतं, कुणी डांबरगोळ्यांचं पाकीट घेऊन येतं. वस्तू दोन दिवस उग्र वासात राहते, वास उडून जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा भुकटी पडते. औषध कमी पडलं असं वाटून पुढच्या वेळी अधिक जालीम औषध येतं.

औषध कमी पडलेलं नसतं, ते किडीपर्यंत पोचलेलंच नसतं. लाकूड खाते ती अळी. ती आयुष्याचा बहुतेक काळ लाकडाच्या आत, स्वतःच कोरलेल्या भुयारात काढते. बाहेर दिसतो तो पूर्ण वाढलेला भुंगा, आणि तोही थोडे दिवसच: भोक पाडून निघायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची, मरायचं. फवारा लाकडाच्या वरच्या एक-दोन मिलिमीटरपलीकडे क्वचितच जातो. खोलवरच्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. रंग, रोगण, लाख आणि वस्तू हाताळणाऱ्या माणसाची फुप्फुसं यांना मात्र त्याचा त्रास होतो.

तालुक्याच्या गावातलं वस्तुसंग्रहालय, जुना वाडा, देवस्थानची कोठी, शाळेतला किंवा वाचनालयातला संग्रह ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अशा ठिकाणी संवर्धनाची प्रयोगशाळा नसते आणि वर्षाची तरतूद झाडलोटीतच संपते. तरीही लाकडाच्या आतली कीड मारता येते, तीही कसलंही विष न वापरता. हवेतला ऑक्सिजन काढून घेणं, गोठवणं किंवा तापवणं हे तीन मार्ग जगभरच्या मोठ्या संग्रहालयांत रोज वापरले जातात आणि तिन्हींची घरगुती आवृत्ती आपल्या आवाक्यातली आहे. खर्च पिशवीवर, तापमापकावर आणि वेळेवर करायचा.

त्याआधी एक प्रश्न: कीड जिवंत आहे का? लाकडावर भोकं आहेत म्हणजे आत्ता आत कीड आहे, असं नाही. ती पन्नास वर्षांपूर्वीची असू शकतात. जुन्या भोकाच्या कडा काळवंडलेल्या असतात, आत धूळ आणि पॉलिश गेलेलं असतं. ताज्या भोकाच्या कडा धारदार असतात आणि आतलं लाकूड फिकट, नुकतं कापल्यासारखं दिसतं. भुकटीवरून मात्र चटकन निष्कर्ष काढू नका. रस्त्यावरून जड वाहन गेलं, कुणी कपाट सरकवलं, तरी जुन्या भुयारातली भुकटी धक्क्याने खाली येते. म्हणून वस्तू मऊ ब्रशने साफ करा, काळ्या कार्डशीटवर ठेवा, कार्डावर पेन्सिलीने तारीख लिहा आणि ती हलवू नका. तीन-चार आठवड्यांनी पाहा. भुकटी नव्याने पडली असेल तर पुन्हा साफ करून आणखी एकदा तपासा. मोक्याच्या भोकांवर पातळ टिश्यू कागदाचा तुकडा खळीने चिकटवला आणि तो आतून फोडला गेला, तर शंका राहत नाही. रंगवलेल्या भागावर मात्र खळ लावू नका.

या काळात संशयित वस्तू इतरांपासून दूर हवी. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ती बंद केली तर बाहेर पडणारे भुंगे पिशवीतच राहतात आणि दिसतातही. वस्तू दमट असेल तर आधी पंख्याखाली, सावलीत सुकू द्या. ओलं लाकूड पिशवीत कोंडलं की बुरशी धरते आणि आपण आगीतून फुफाट्यात पडतो.

पुढची पायरी कीड ओळखण्याची. भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि भुकटी बोटांत चोळल्यावर एकही कण जाणवणार नाही इतकी मऊ असेल, तर तो बहुधा लिक्टस कुळातला भुंगा. त्याला लाकडातलं पिष्ट हवं असतं, म्हणून तो सालीजवळचं फिकट लाकूड खातो आणि गाभ्याचं गडद लाकूड सोडतो. सागवानी चौकटीची एकच कड पोखरलेली दिसते ती यामुळे. त्या कडेला सुताराने फिकट पट्टा तसाच ठेवलेला असतो. भोकं तीन मिलिमीटरहून मोठी आणि भुकटी थोडी भरड असेल तर बॉस्ट्रिकिड कुळातले मोठे भुंगे. त्यांच्यातलेच काही छोटे भाऊबंद बांबू फस्त करतात. सुपं, टोपल्या, बांबूची वाद्यं त्यांच्या तावडीत सापडतात.

भुकटीऐवजी मिलिमीटरभर लांबीचे, कोरडे, कडक, सहा पैलूंचे कण पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. किनारपट्टीच्या गावांत ती नेहमी भेटते. तिला जमिनीशी संबंध लागत नाही, अख्खी वसाहत एका खुर्चीच्या पायात राहू शकते. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढत आलेल्या दिसल्या तर मात्र गोष्ट वेगळी आहे. ती जमिनीतली वाळवी. वस्तू तिथून उचला, नळ्या मोडून ब्रशने झटका आणि वस्तू कोरड्या जागी न्या. जमिनीच्या ओलाव्यापासून तुटलेली ही वाळवी वस्तूत फार दिवस तगत नाही. तिचं वारूळ इमारतीखाली किंवा आसपास असतं, त्यामुळे तिचा बंदोबस्त हे इमारतीचं काम आहे. नळाची गळती, भिंतीची ओल, पायाची प्रक्रिया यांकडे वळावं लागतं. त्यासाठीचं औषध जमिनीत जायला हवं, वस्तूवर त्याचा एक थेंबही पडता कामा नये.

आता वस्तूंची वाटणी करा. काठवट, पायली, मुसळ, पाट, कापडछपाईचे ठसे, शेतीची अवजारं अशा साध्या, न रंगवलेल्या, एकाच लाकडाच्या वस्तूंना तिन्ही मार्ग चालतात. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी, पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या, जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचे रंगवलेले मुखवटे, सोनेरी वर्ख लावलेले देव्हारे, हस्तिदंत किंवा शिंपल्याचं जडावकाम, सरसाने जोडलेली तंतुवाद्यं यांना थंडी आणि उष्णता दोन्ही वर्ज्य. लाकूड, रंग, लाख, धातू हे सगळे तापमानाप्रमाणे वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात-फुगतात, आणि त्या ओढाताणीत रंगाचे पापुद्रे सुटतात. अशा वस्तूंसाठी ऑक्सिजनरहित पिशवी हाच मार्ग, म्हणून तो मी सर्वांत सविस्तर सांगणार आहे.

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. बंद पिशवीत तो ०.३ टक्क्यांच्या खाली नेऊन तिथेच टिकवला, तर २५ अंश सेल्सिअसला साधारण तीन आठवड्यांत लाकडातली कीड अंडी, अळी, कोष, भुंगा अशा सगळ्या अवस्थांत मरते. ती गुदमरते, आणि श्वसनासाठी धडपडताना अंगातलं पाणी गमावून सुकतेही. अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेने १९९८ साली या पद्धतीवर अख्खं पुस्तक काढलं. नायट्रोजनची नळकांडी आणि महागडी यंत्रणा मोठ्या वस्तूंना लागते. छोट्या वस्तूंना त्याची गरज नाही. खाद्यपदार्थांच्या आणि औषधांच्या पॅकिंगमध्ये टाकतात त्या ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या पुरतात. त्यांत लोखंडाची बारीक पूड असते, ती गंजताना ऑक्सिजन ओढून घेते.

पिशवी निवडताना बहुतेकांचं चुकतं. साधं पॉलिथिन कितीही जाड असलं तरी त्यातून ऑक्सिजन सतत झिरपत राहतो. पाणी अडतं म्हणून हवाही अडेल, असं नाही. मसाले, चहा, औषधं ज्यात भरतात तो ॲल्युमिनियम फॉइलचा थर असलेला लॅमिनेट कागद हवा. पॅकेजिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तो गुंडाळीच्या स्वरूपात मिळतो. मासळी आणि मटण भरायच्या, नायलॉनचा थर असलेल्या पारदर्शक व्हॅक्यूम पिशव्या फॉइलइतक्या घट्ट नसतात, पण लहान वस्तूंना आणि पुड्या हात सैल सोडून टाकल्यास त्या चालतात. तोंड बंद करायला किराणा दुकानात वापरतात तो हँड सीलर पुरतो. चिकटपट्टीवर भागवू नका. सीलची एक रेघ मारल्यावर बोटभर अंतरावर दुसरी मारा. बहुतेक पिशव्या फसतात त्या कोपऱ्यांत आणि सुरकुत्या पडलेल्या शिवणीत.

पुड्यांचा हिशेब सोपा आहे. समजा, वस्तू ठेवून पिशवी चेपल्यावर आत ४० लिटर हवा उरते. तिच्या २१ टक्के म्हणजे ८.४ लिटर, अर्थात ८४०० मिलिलिटर ऑक्सिजन. ५०० मिलिलिटर शोषणाऱ्या पुड्या घेतल्या तर १७ लागतात. पण लाकडाच्या पोटातही हवा असते आणि तीन आठवड्यांत थोडी बाहेरूनही येते, म्हणून दीडपट, म्हणजे २५-२६ पुड्या टाका. सीलची शेवटची फट राहिली असताना व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढून घेतली तर पुड्या कमी लागतात. नाजूक वस्तूवर मात्र पिशवीचा दाब येता कामा नये. तिच्याभोवती पुठ्ठ्याची पेटी किंवा काठ्यांचा सांगाडा ठेवा.

पुड्यांचं पाकीट फोडलं की काम सुरू झालं असं धरा. सगळी तयारी आधी करून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत पिशवी बंद करा. पुड्या काम करताना तापतात, म्हणून त्या वस्तूला टेकवू नका. कापडात गुंडाळलेल्या वस्तूपासून दूर, पिशवीच्या कडेला सुट्या सुट्या पसरा. ओलावाही शोषणारा पुड्यांचा प्रकार असतो, तो घेऊ नका. सिलिका जेलही टाकू नका. लाकूड कोरडं पडून तडकलं तर किडीपेक्षा मोठं नुकसान होईल.

ऑक्सिजन खरंच उतरला आहे हे कळायला रंग बदलणारी निदर्शक गोळी मिळते. तिच्या नेहमीच्या प्रकारात ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली गेला की ती गुलाबी होते आणि अर्ध्या टक्क्याच्या वर निळी. फॉइलच्या पिशवीत गोळी दिसावी म्हणून पारदर्शक व्हॅक्यूम पिशवीचा चौकोन खिडकीसारखा सीलरने जोडून घ्या. आणखी एक खूण आपोआप मिळते. हवेचा पाचवा हिस्सा नाहीसा झाल्यामुळे एक-दोन दिवसांत पिशवी वस्तूभोवती आवळली जाते. आठवड्याने ती पुन्हा सैल झाली तर समजा, कुठेतरी गळते आहे. मग पिशवी दुरुस्त करून, नव्या पुड्या टाकून दिवस पहिल्यापासून मोजायचे. पंधरा दिवस झालेच आहेत, आणखी आठवडा पुरेल, असं म्हणू नका. अर्धवट उपचारातून वाचलेल्या अळ्या काही महिन्यांनी कामाला लागतात.

तीन आठवडे हा २५ अंशांचा हिशेब आहे. कोकणातल्या एप्रिल-मेमध्ये कीड त्याहून लवकर मरते, तरी मी चार आठवड्यांच्या आत पिशवी उघडू नये असंच सांगेन. महाबळेश्वरच्या थंडीत तीच पिशवी सहा आठवडे ठेवा, कारण गारठ्यात किडीचा श्वास मंदावतो आणि ती तग धरते. रंगांबाबत एकच ठळक सावधगिरी: प्रशियन निळा रंग ऑक्सिजन नसताना फिका पडू शकतो. एकोणिसाव्या शतकापासूनच्या रंगकामात तो आढळतो. निळ्या रंगाबद्दल शंका असेल तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पिशवी बंद करू नका. दरवाजे, खांब, पालखी अशा मोठ्या वस्तूंना पुड्या पुरत नाहीत. त्यांच्यासाठी नायट्रोजनचा तंबू लागतो आणि तो प्रशिक्षित माणसांनीच उभारावा, कारण बंद खोलीत नायट्रोजन गळला तर माणूसही गुदमरतो.

गोठवण्याची पद्धत याहून सुटसुटीत आहे. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा उपयोगाचा नाही. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा, वरून उघडणारा डीप फ्रीझर हवा, जो उणे १८ ते उणे २० अंशांपर्यंत जातो. वस्तू सुती कापडात गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत घाला, जमेल तेवढी हवा काढा आणि घट्ट बंद करा. इथे साधं पॉलिथिन चालतं, कारण त्याचं काम फक्त ओलावा अडवण्याचं आहे. पिशवी थेट पूर्ण थंड फ्रीझरमध्ये ठेवा. हळूहळू थंडावत नेलं तर काही किडी थंडीला सरावतात. दोन आठवडे ठेवा. मुसळासारखी जाड वस्तू आतपर्यंत गार व्हायलाच वेळ लागतो, तिला आणखी काही दिवस द्या. तापमापकाची वायर आत सोडून रोज आकडा लिहून ठेवा. लोडशेडिंगमध्ये पारा चढला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी निदान २४ तास उघडायची नाही. गार वस्तूवर दमट हवेतलं पाणी साचतं. ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला साचलं पाहिजे, लाकडावर नाही. फ्रीझर विकत घेण्याची गरज नसते. हंगाम नसताना आइस्क्रीमवाले तो भाड्याने देतात.

तापवण्याची पद्धत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जोखमीची. लाकडाचा गाभा ५५ अंशांना पोचून तासभर तिथे राहिला तर कीड वाचत नाही. कॅनडाच्या संवर्धन संस्थेतले टॉम स्ट्रँग यांनी हे काम केवळ उन्हावर करून दाखवलं. वस्तू सुती चादरीत गुंडाळून पॉलिथिनमध्ये हवाबंद करायची, त्यावर काळं आवरण आणि त्यावर थोडं अंतर सोडून पारदर्शक प्लॅस्टिकचा तंबू. खाली उष्णता निसटू नये म्हणून थर्माकोल किंवा घोंगडी. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिलच्या गच्चीवर असा तंबू दुपारपर्यंत हवा तेवढा तापतो. लाकूड हवाबंद असल्याने त्यातलं पाणी उडून जात नाही आणि ते तडकत नाही. नुसतं उन्हात वाळत घातलेलं लाकूड तडकतं, आणि किडीला तेवढं ऊन पुरतही नाही.

आतलं तापमान कळायला वस्तूएवढ्याच जाडीचा, त्याच जातीच्या लाकडाचा ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून त्यात तापमापकाचं टोक बसवा आणि तो वस्तूसोबत ठेवा. ठोकळ्याचा गाभा ५५ ला पोचला की घड्याळ लावा. मी तीन तास ठेवायला सांगेन. ६० च्या पुढे जायला लागला तर वर चादर टाकून सावली करा. संध्याकाळी तंबू काढा, पण पिशवी दुसऱ्या दिवशीच उघडा. लाख, मेण, राळ, रंग, सरस असलेल्या कोणत्याही वस्तूला हा उपाय करू नका. जाड मुसळाला आणि बांबूच्या सुपाला हा उत्तम.

रसायनांबद्दल थोडक्यात, पण स्पष्टपणे. सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या संग्रहालयात किंवा वाड्यात आणू नका. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचा जीव घेतो, शिवाय तांबं, चांदी आणि सोन्याच्या कामावर परिणाम करतो. मिथाइल ब्रोमाइड हा धुरीचा वायू ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांतही २०१५ पासून मालाच्या विलगीकरणासारखे मोजके उपयोग सोडून बंद झाला आहे. रॉकेल आणि टर्पेंटाइनने डाग पडतात आणि आगीचा धोका वाढतो. डांबरगोळ्यांनी आतली अळी मरत नाही, मात्र त्यांची वाफ रोगण मऊ करू शकते. कडुनिंबाचा पाला, वेखंड, कापूर, लवंग यांचा वास काही किडींना दूर ठेवत असेल. कपाटात ठेवायला हरकत नाही, पण वस्तूला चिकटवून नको, आणि लाकडात शिरलेली कीड त्यांनी मरेल अशी आशाही नको.

जुन्या संग्रहातल्या वस्तू हाताळताना मास्क आणि हातमोजे घालाच. पूर्वी डीडीटी, गॅमेक्सिन, आर्सेनिक सर्रास वापरलं जात असे आणि त्याची नोंद क्वचितच सापडते. वस्तूवर पांढरे स्फटिक किंवा अनोळखी भुरकी दिसली तर ती फुंकून उडवू नका.

उपचारानंतर लाकडात कोणतंही विष उरत नाही. हा या पद्धतींचा मोठा गुण, आणि म्हणूनच कीड पुन्हा लागायला कसलीही आडकाठी नसते. मेलेल्या किडीची भुकटी ब्रशने आणि नळीच्या तोंडाला जाळी लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने काढून टाका, म्हणजे पुढे भुकटी दिसली तर ती नवी आहे हे कळेल. साध्या लाकडावरची जुनी भोकं रंग मिसळलेल्या मेणाने बुजवली तर नवं भोक लगेच उठून दिसतं. वस्तूच्या नोंदीत कोणता उपचार, कोणत्या तारखेला, किती अंशांवर, हे लिहा. दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला ते लागणार आहे.

भुंगा बाहेरून येतो तो बहुधा आपल्याच हातांनी. नवीन शोकेस स्वस्त पडावी म्हणून आंब्याच्या, रबरवुडच्या किंवा हलक्या प्लायवुडच्या करून घेतल्या जातात. हेच लिक्टसचं आवडतं खाणं. शोकेसमधून भुंगा निघतो आणि शेजारच्या मूर्तीच्या न रंगवलेल्या तळाशी, लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालतो. प्रदर्शनाचं सामान लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं घ्या. लाकडी घ्यावंच लागलं तर फिकट पट्टा नसलेलं, प्रक्रिया केलेलं घ्या आणि सगळ्या बाजूंनी, तळालासुद्धा, रोगण लावून घ्या. देणगी म्हणून आलेली प्रत्येक लाकडी वस्तू आधी महिनाभर वेगळ्या खोलीत, काळ्या कागदावर राहिली पाहिजे. देणगीदाराला वाईट वाटेल म्हणून ती थेट दालनात मांडू नका. वस्तू भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून तेवढीच वर ठेवा, खिडक्यांना बारीक जाळी लावा, कोपऱ्यांत चिकट पट्ट्यांचे सापळे ठेवून महिन्यातून एकदा त्यांत काय अडकलं ते वहीत लिहा.

रंगाचे पापुद्रे सुटत असतील, वर्ख निघत असेल, किंवा लाकूड बोटाने दाबल्यावर आत जाईल इतकं पोकळ झालं असेल, तर वस्तू हलवू नका आणि पिशवीतही घालू नका. अशा वेळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची संवर्धन केंद्रं किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन अनुसंधानशाळा यांच्याकडे सल्ला मागा. सल्ला मागताना वस्तूचं मोजमाप, भोकांचा मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, छोट्या डबीत जपलेली भुकटी आणि सापडल्यास मेलेला भुंगा हाताशी ठेवा. तज्ज्ञाला कीड ओळखायला यांचीच मदत होते.